ज्यानं ऐकलं, त्यानं बसायचं

आमच्या वर्कशॉपमध्ये तोंड माझं आणि कान बाबांचे, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तिला त्यात माझं कौतुक करायचं नसतं. माझा राग नाकावर असतो, आणि मनातलं आधी चेहऱ्यावर दिसतं, मग तोंडातून बाहेर पडतं. आई पुढच्या टेबलाशी बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांशी गोड बोलते, आणि मी मागून कपाळाला आठ्या घालून आले की तिचं सगळं मुसळ केरात. म्हणून त्या मंगळवारी तिनं मला सकाळीच दम भरला. "आज डॉक्टर येणार आहेत काम बघायला. त्यांच्यासमोर तोंड वाकडं करायचं नाही. काहीही वाटलं तरी चेहरा सरळ ठेवायचा. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. आणि जमलं. आयुष्यात पहिल्यांदा जमलं, ते नेमकं नको तेव्हा.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारा माणूस, पण जीव सगळा गाड्यांत अडकलेला. लहानपणी वडील त्यांना ज्या चौकोनी गाडीतून शाळेत सोडायचे, ती त्यांनी जपून ठेवली होती, आणि आता तिच्यात एका चेपलेल्या स्पोर्ट्स कारचं आठ सिलिंडरचं इंजिन घालायला घेतलं होतं. मूळ इंजिनाच्या चौपट ताकद. इंजिन बसवणं एक वेळ सोपं, पण ती ताकद चाकांपर्यंत न्यायची कुणी? ते काम गिअरबॉक्सचं. आणि जुना बॉक्स त्या इंजिनापुढे म्हणजे हत्ती सुतळीनं बांधण्यातला प्रकार होता. आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सोडून दुसरं काही करत नाही, म्हणून ते आमच्याकडे आले.

ऑटोमॅटिकमध्ये पायाचा क्लच नसतो. आत ॲल्युमिनियमचा एक ढोल असतो, इंजिनाबरोबर गरगरणारा, आणि त्यात क्लचच्या प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात. गिअर बदलायची वेळ आली की ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन प्लेटांना आवळतो, आणि गिअर पकडला जातो. पिस्टनच्या कडेनं रबराचं सील असतं. ते धड तर सगळं धड. ते फाटलं तर ऑइल निसटतं, दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. एवढं समजलं तरी पुष्कळ झालं. बाकीचं समजायला मला पंधरा वर्षं लागली.

डॉक्टरांच्या बॉक्समध्ये तिसऱ्या गिअरला सहा प्लेटा होत्या, तिथे आम्ही आठ बसवल्या, मधल्या पोलादी चकत्या पातळ घेऊन. शाफ्ट जास्त कडक पोलादाचा घातला. ऑइलचा दाब वाढवला. ढोल तेवढा जुनाच राहिला. पोलादी ढोल बाहेरून मागवायचा तर तीन महिने, आणि डॉक्टरांना तीन दिवसांचाही धीर नव्हता. बाबांनी जुना ढोल दारात उजेडात नेला, लाल रंग लावून पुसला, तडा असेल तर रंग त्यात राहतो म्हणून भिंग घेऊन तासभर बघितला. काही दिसलं नाही. "चालेल," ते म्हणाले. "प्लेटा घसरल्या नाहीत, तर चालेल."

घसरल्या तर काय होतं, ते आमच्या घराला ठाऊक आहे. मी नववीत होते तेव्हा बाबांचा एक पार्टनर होता. मी त्यांना काका म्हणायचे. बाबांनी एक बॉक्स बांधला, आणि ट्रायलच्या दिवशी त्यांना घरी लवकर यायचं होतं म्हणून काका म्हणाले, मी बसतो गाडीत, तू जा. गाडी पूर्ण जोरात असताना क्लच सुटला. क्लच सुटला की इंजिनावरचं ओझं एकदम जातं आणि ते बेफाम फिरतं, आणि ढोल त्याला बांधलेला. तो झेपेल त्याच्या पलीकडे फिरला आणि फुटला. गिअरबॉक्स असतो कुठे? पुढच्या दोन सीटांच्या मधे, अगदी पायांशी. तुकडे पत्रा फाडून वर आले. काकांचं अर्धं पाऊल गेलं. ते आता किल्ल्या बनवायचं दुकान चालवतात आणि बाबांना कधी एका शब्दानं बोललेले नाहीत. तरी बाबा त्या रस्त्यानं जात नाहीत.

त्यानंतर बाबांनी दोन नियम केले. पहिला, बॉक्स बंद करायच्या आधी प्रत्येक क्लचमध्ये हवा मारायची. एकानं हवेची गन धरायची, दुसऱ्यानं ढोलावर हात ठेवून ऐकायचं. पिस्टन नीट सरकला की ठक् असा आवाज येतो, आणि मग शांतता. सील गळत असेल तर त्या ठक्च्या मागून बारीक फुस्स येत राहतं. ऐकणाऱ्याचा शब्द शेवटचा, त्यावर वाद नाही. आणि दुसरा नियम, ज्यानं ऐकलं, त्यानं बसायचं. पहिल्या ट्रायलला, ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरबॉक्सला पाय लावून. सव्वीस वर्षं बाबाच ऐकत आले होते आणि बाबाच बसत आले होते.

तर मंगळवारी सकाळी तिसऱ्या गिअरचा पिस्टन मी बसवला. सीलची कड आत जाताना दुमडते, ती पातळ पट्टीनं गोल फिरत जाऊन हळूहळू आत घ्यावी लागते. मी आईच्या बोलण्यानं धुमसत होते. चेहरा सरळ ठेव म्हणे. अठ्ठेचाळीस गिअरबॉक्स एकटीनं बांधलेल्या बाईला कुणी असं सांगतं का? पट्टी शेवटाला जरा अडली, मी ती दाबली, ती गेली. डॉक्टर आले तेव्हा मी हात पुसत होते.

ते अगदी टेबलाला टेकून उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे हात बांधून. मी गन धरली, बाबांनी ढोलावर हात ठेवला. पहिला क्लच ठक्, शांत. दुसरा ठक्, शांत. तिसऱ्यात हवा सोडली. ठक् आलं, आणि मागून फुस्स. बारीक, पण होतं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी चेहरा सरळ ठेवला.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

मी पुन्हा हवा सोडली. ठक्, फुस्स. बाबांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मी भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत राहिले, तोंड असं की दगडानं शिकावं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि पुढचा भाग उचलला.

मी बोलले का नाही? हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. आमच्या कॉम्प्रेसरचा नळ गळका आहे, तोच असेल, असं वाटलं. सव्वीस वर्षं ऐकणारा माणूस ठीक म्हणतोय, तिथे माझं काय, असंही वाटलं. गिऱ्हाइकासमोर बापाला खोटं कसं पाडायचं, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर याच्याही खाली एक गोष्ट होती. पट्टी अडली होती ते मला आठवत होतं. सील फाटलं असेल तर ते माझ्या हातानं फाटलं होतं. बाबा ठीक म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. एरवी माझी उचलली जीभ टाळ्याला लागलेली असते, आणि त्या दिवशी तिला कुलूप बसलं.

दुपारी बॉक्स बंद झाला. बुधवारी डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये जाऊन तो गाडीत चढवला. मी गाडीखाली आडवी पडून बोल्ट आवळत होते आणि कानात तो फुस्स वाजत होता. वर्कशॉपमध्ये परत आल्यावर मी कॉम्प्रेसर तपासला. नळ गळत होता, पण त्याचा आवाज जाड होता, घरंगळता. मंगळवारचा तो नव्हताच.

मग दुसरा विचार आला. मला ऐकू आलं ते बाबांना का आलं नाही? त्यांचा तर कान ढोलापासून वीतभर होता.

गुरुवारी ते पाठमोरे बसून पंप धूत होते. मी हवेची गन घेतली आणि त्यांच्या मागे चार पावलांवर उभी राहून चाप थोडासा दाबला. फुस्स. ते धूत राहिले. मी आणखी दाबला. ते धूत राहिले. पूर्ण दाबला तेव्हा धूळ उडून त्यांच्या मानेला लागली, तेव्हा ते वळले. "काय गं, साफसफाई?" म्हणाले, आणि हसले. मी मान हलवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे आईकडे गेले. "बाबांना ऐकू कमी येतं का?"

आईनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "वय झालं की येतं थोडं कमी."

"थोडं?"

"थोडं नाही," आई म्हणाली. मग उठून मधलं दार लोटलं. "हे बघ, तू त्यांना काही बोलायचं नाहीस. त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मिरवलं नाही. लोक म्हणतात, यांचा कान म्हणजे मीटर. तो कान गेला असं तू म्हणालीस, की ते उद्यापासून खाटेवरून उठायचे नाहीत. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे."

"आणि मूठ उघडली नाही, तर कुणाचे पाय जातील ते माहीत आहे ना तुला?"

तिला माहीत नव्हतं, कारण मी तिला फुस्सबद्दल सांगितलंच नव्हतं. आणि आता सांगावं, तर मी मंगळवारीच का बोलले नाही, हा प्रश्न आला असता. मी गप्प बसले. तिला वाटलं, समजूत पटली. शुक्रवार तसाच गेला. मी मनाशी ठरवलं की ट्रायलच्या आधी काहीतरी निमित्त काढायचं, ऑइल कमी पडलं म्हणायचं, एखादी वायर काढून ठेवायची. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. एकही निमित्त धड सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आठला आम्ही बंद कारखान्यामागच्या रस्त्यावर जमलो. दीड किलोमीटर सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना भिंत, डॉक्टरांनी पहारेकऱ्याला सांगून फाटक उघडून घेतलं होतं. गाडी बाहेरून अगदी साधी दिसत होती, शाळेच्या गणवेशातल्या मुलासारखी. आतून मागची सीट काढून टाकलेली. डॉक्टर ड्रायव्हरच्या जागी बसले. बाबा त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी पाय दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यावर टेकवले. हे खूळ त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी काढलं होतं. मी विचारलं तर म्हणाले होते, पायांना गारवा लागतो. गिअरबॉक्सवर कसला आलाय गारवा? पण मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

आमची पद्धत तीन फेऱ्यांची. पहिली सावकाश, ऑइल गरम करायला. दुसरी अर्ध्या जोरात. तिसरी पूर्ण. मी रस्त्याच्या मध्यावर भिंतीशी वही घेऊन उभी होते.

पहिली फेरी झाली. गिअर लोण्यासारखे पडले. माझ्या जिवात थोडा जीव आला. वाटलं, खरंच कॉम्प्रेसरचाच आवाज असेल, आणि मी उगाच चार रात्री तळमळले.

दुसरी फेरी. गाडी माझ्यासमोरून गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात पडली, आणि मधे इंजिन एकदा वर चढून ओरडलं. अर्धा सेकंद. मग गिअर पकडला गेला आणि आवाज खाली आला. डॉक्टरांना ते कळलं नसणार. नवख्या माणसाला तो जोराचाच आवाज वाटतो. मला मात्र कळलं, प्लेटा घसरल्या होत्या. अर्ध्या जोरात अर्धा सेकंद घसरल्या, पूर्ण जोरात त्या पकडणारच नव्हत्या.

गाडी वळून माझ्यापासून पाच पावलांवर थांबली. बाबांची काच खाली होती. ते मान खाली घालून पायांकडे बघत होते.

"तिसऱ्यात जरा रेंगाळला का?" त्यांनी विचारलं.

"छे हो, मिस्त्रीकाका," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "मक्खन."

बाबांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. तसंच, मंगळवारसारखं, थांबून. आणि मी, माझी मलाच आजही चीड येते, वहीत डोकं घातलं. वर बघितलं तेव्हा त्यांनी काच वर केली होती आणि दोन्ही पाय पुन्हा उंचवट्यावर नीट टेकवत होते. टाचा आधी, मग चवडे. पाय म्हातारे झाले होते. नखं जाड, घोट्यावर सूज. मला काकांचं पाऊल आठवलं, आणि मग मी काही ठरवलं नाही. पळत जाऊन गाडीसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकवले. खालचं इंजिन हाताला थरथरत होतं.

डॉक्टरांनी डोकं बाहेर काढलं. "ताई, काय झालं?"

"इंजिन बंद करा."

"अहो, पण..."

"बंद करा म्हणते ना!"

त्यांनी बंद केलं. बाबा दार उघडून अनवाणीच उतरले. डांबर तापायला लागलं होतं. मी ओरडूनच बोलत होते, आवाज मला आवरत नव्हता. "मंगळवारी सील गळत होतं. तिसऱ्याचं. दोन्ही वेळा गळत होतं, मी ऐकलं. तुम्ही ठीक म्हणालात. आत्ता प्लेटा घसरल्या, तेही तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागलं. बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. अजिबात येत नाही."

म्हणून टाकलं, गिऱ्हाइकासमोर, भर रस्त्यात. मला वाटलं आता हा माणूस माझ्यासमोर कोसळणार.

बाबा दोन पावलं पुढे आले. "ओरडू नकोस," ते म्हणाले. "ओरडलीस की तुझे ओठ वेडेवाकडे होतात, मग मला कळत नाही. हळू बोल."

मी बॉनेटवरचे हात काढले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "ठक् मला हाताला कळतं. मागचं फुस्स नाही कळत. ते मी तुझ्या तोंडावर ऐकतो. जरा जरी गळती असली ना, तुझी डावी भुवई वर जाते आणि तू ओठ चावतेस. दोन वर्षांत तुझं तोंड एकदाही चुकलं नाही. माझ्या कानापेक्षा चांगलं आहे ते." ते थांबले. "मंगळवारी मी दोनदा बघितलं. सरळ होतं."

मला रडू फुटलं. दोन दिवस मी सगळं खापर त्यांच्या कानांवर फोडत होते. माझ्या हातानं फाटलेलं सील, मी ऐकलेला आवाज, आणि मी दाबून धरलेला चेहरा. तिन्ही गोष्टी माझ्याच होत्या. त्या माणसानं फक्त माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि त्या विश्वासावर आपले पाय ठेवले होते.

"पट्टी अडली होती," मी म्हणाले. "पिस्टन बसवताना. मी दाबली."

"हं," बाबा म्हणाले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

डॉक्टर इतका वेळ स्टिअरिंग धरून बसले होते. ते आता खाली उतरले आणि बाबांचे बूट घेऊन आले. "माझ्या खुर्चीत रोज हेच असतं," ते म्हणाले. "दुखतंय ते सांगायचं सोडून लोक तोंड घट्ट मिटून बसतात." आणि त्यांनी बूट बाबांच्या पायांशी ठेवले.

गाडी दोरीनं ओढून आणली. सोमवारी बॉक्स उतरवून उघडला. झाकण काढताच जळका वास आला. आठ प्लेटांपैकी तीन काळ्या पडल्या होत्या. सील मी स्वतः काढलं. पट्टी जिथे अडली होती तिथेच नखाएवढं कापलेलं होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. मग बाबांनी ढोल धुतला, लाल रंग लावला, पुसला, आणि दारात उजेडात नेला. तिथून त्यांनी भिंग मागितलं. मी जवळ गेले. ढोलाच्या कडेला, मागच्या आठवड्यात जिथे काही नव्हतं तिथे, केसासारखी बारीक लाल रेघ उभी होती, बोटभर लांब.

बाबांनी ढोल खाली ठेवला आणि पुढे जाऊन आईच्या टेबलावरचा फोन उचलून माझ्या हातात दिला. "डॉक्टरांना सांग, आता तीन महिने थांबायचं."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. झाकली मूठ उघडल्याचं तिला शनिवारीच कळलं होतं. बाबा काही खाटेला खिळले नव्हते. उलट त्या दिवशी दुपारी त्यांनी तिला सांगितलं, "जरा माझ्याकडे तोंड करून बोलत जा, निम्मं मला अंदाजानं घ्यावं लागतं." बेचाळीस वर्षांच्या संसारात निम्मं अंदाजानंच घेतलंत, असं आई म्हणाली, पण तोंड करून म्हणाली.

पोलादी ढोल आला. पिस्टन मी बसवला, पट्टी इतकी हळू फिरवली की बाबांचा चहा निवला. मग त्यांनी कॉम्प्रेसर भरून बंद केला, बाहेरचं दार लावलं, आणि मी गन उचलायच्या आधीच ती स्वतः उचलली.

"तू ऐक," ते म्हणाले.

मी ढोलावर हात ठेवला. पहिला. दुसरा. तिसरा. ठक्. मी श्वास धरून कान दिला. मागे काही नव्हतं. पुन्हा मारायला सांगितली. ठक्, आणि शांतता.

"ठीक आहे," मी म्हणाले. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते, आणि तो तोंडातून काढायला किती जड असतो ते तेव्हा कळलं.

बाबांनी गन टांगली. "मग बस."

आई दारातच उभी होती. "ती? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नियम आहे," बाबा म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला काय हौस आहे?"

त्याच रस्त्यावर, सकाळी आठला, मी डॉक्टरांच्या शेजारी बसले. बूट काढले आणि पाय उंचवट्यावर टेकवले. पत्रा पातळ असतो. खाली काय फिरतंय ते तळव्याला थेट कळतं. बाबा भिंतीशी उभे होते, मी उभी होते तिथेच, माझी वही घेऊन. पहिली फेरी. दुसरी फेरी. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्यासमोरून गेलो आणि दोन्ही वेळा मी त्यांचा चेहरा बघितला. सरळ होता. एक रेघ हलत नव्हती. मला घाबरवायचं नाही म्हणून तो माणूस सगळा आत दाबून धरून उभा होता, आणि त्या कोऱ्या तोंडाकडे बघून मला कधी नव्हे एवढी भीती वाटली. समोरच्याचा चेहरा वाचता येईना की कसं वाटतं, ते त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं.

"पूर्ण?" डॉक्टरांनी विचारलं. घाम त्यांनाही आला होता.

"पूर्ण," मी म्हणाले.

त्यांनी पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. पहिला गिअर, दुसरा, आवाज चढत चढत गेला. तळव्याखाली सगळा पत्रा गुणगुणायला लागला, आणि मी दातावर दात धरून ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला. ठक्. तिसरा पकडला गेला. इंजिन ओरडलं नाही. गाडी नुसती पुढे गेली.

बाबांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते दोन्ही हातांत वही धरून, आम्ही परत येत होतो तिकडे डोळे लावून उभे होते. डॉक्टरांना मी म्हटलं, हळू घ्या, अगदी हळू. मग काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि त्यांना लांबूनच नीट ऐकू यावं म्हणून तोंड त्यांच्याकडे केलं.